पशुखाद्यातील अदृश्य विष : मावळातील पशुपालकांनी घ्यावयाची दक्षता

लोणावळा परिसरात दरवर्षी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. इंद्रायणी व पवना या नद्यांच्या खोऱ्यांतील भातशेती याच पावसावर उभी आहे. मात्र या दिवसांत घराच्या भिंतींना ओल येते, जमीन पाझरते व हवा सदैव दमट राहते. अशा वेळी गोठ्याच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली पेंडीची पोती, मक्याचा भरडा व भाताचा पेंढा यांना बुरशी लागते. ही बुरशी म्हणजे केवळ खाद्याची नासाडी नव्हे. तिच्यातून निर्माण होणारे विष जनावराच्या यकृतात आणि तेथून दुधावाटे माणसाच्या घरात पोहोचते.

विषाची ओळख

इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत दगावले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती. तिच्या तपासणीतून ॲस्परजिलस जातीच्या बुरशीने तयार केलेले विष उजेडात आले व त्यास ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. भुईमूग पेंड, सरकी पेंड व मका या खाद्यांत हे विष विशेषेकरून आढळते.

आपल्या देशातही याचा दारुण अनुभव आलेला आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी भागात पावसात भिजून बुरसलेला मका खाण्यात आल्याने सुमारे चारशे लोक यकृताच्या विकाराने आजारी पडले व शंभराहून अधिक दगावले. त्याच वस्त्यांतील कुत्र्यांनाही कावीळ व जलोदर झाल्याचे आढळले. माणूस व जनावर यांचे अन्न एकाच बुरशीने नासते, हे या घटनेने दाखवून दिले.

दुधावाटे घरात

दुभत्या जनावराने असे खाद्य खाल्ल्यास विषाचा काही अंश रूपांतरित होऊन एका दिवसाच्या आतच दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो नाहीसा होत नाही. दुधातील या अंशाची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम ठरविण्यात आली आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून ६,४३२ दूध नमुने तपासले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे शंभरात जवळजवळ सहा नमुन्यांत, हे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक निघाले. हा दोष दुधात कोणी भेसळ केल्यामुळे नव्हे, तर चारा व खाद्यातून येतो. दूषित खाद्य बंद केल्यास साधारणतः तीन-चार दिवसांत दूध पुन्हा निर्धोक होते.

जनावर मात्र हळूहळू खंगते. भूक मंदावते, दूध घटते, गाय वेळेवर माजावर येत नाही व रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. वासरांना याची बाधा अधिक होते. लक्षणे इतकी सामान्य असतात की पुष्कळदा दोष जनावराच्या जातीला किंवा हवामानाला दिला जातो.

खरेदी करताना

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २०५२ या मानकाच्या २००९ च्या आवृत्तीत मिश्र पशुखाद्यातील ओलावा शेकडा ११ पेक्षा अधिक नसावा व अफ्लाटॉक्सिन बी-१ चे प्रमाण किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे नमूद आहे. यास्तव पोत्यावर आयएसआय चिन्ह, उत्पादनाची तारीख व घटकांची माहिती पाहूनच खरेदी करावी. पोते भिजलेले, फाटलेले अथवा पुन्हा शिवलेले नसावे. पेंडीचा तुकडा मोडून पाहावा. आत गाठी, हिरवट-काळी छटा अथवा कुबट वास आढळल्यास माल परत करावा. मात्र बुरशी दिसली नाही म्हणून विष नाही, असे समजू नये. बुरशी झडून गेली तरी विष मागे राहते.

केवळ प्रथिनांचा आकडा मोठा आहे, एवढ्यावरही भुलू नये. प्रथिनांचे मोजमाप नायट्रोजनवरून केले जाते. २००७ साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या तयार खाद्यात हा आकडा फुगविण्यासाठी मेलामाइन मिसळलेला चिनी कच्चा माल वापरला गेल्याचे उघड झाले. मूत्रपिंडे निकामी होऊन तेथे अनेक प्राणी मृत्युमुखी पडले.

साठवण व वापर

पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून किमान अर्धा फूट उंच ठेवावीत. पावसाळ्यात महिनाभर पुरेल एवढाच साठा करावा व आधी आणलेले पोते आधी संपवावे. पेंढा पूर्ण वाळल्यावरच रचावा आणि उडवी उंचवट्यावर, वरून झाकलेली असावी. भिजविलेले आंबोण त्याच दिवशी संपवावे. रात्रभर राहिलेले दुसऱ्या दिवशी घालू नये.

बुरसलेले खाद्य उन्हात वाळवून, धुऊन अथवा चांगल्या खाद्यात मिसळून वापरण्याची प्रथा घातक आहे. उन्हाने ओल जाते, विष जात नाही. असे खाद्य गाईने नाकारले म्हणून कोंबड्यांना वा राखणीच्या कुत्र्याला घालणे तर अधिकच धोक्याचे, कारण या विषाचा परिणाम त्यांच्यावर गाईपेक्षा तीव्र होतो. ते खोल खड्ड्यात पुरून टाकावे.

लोणावळा-खंडाळ्यासारख्या पर्यटनस्थळी उपाहारगृहांतील शिळा भात व पाव जनावरांना घालण्याचा मोह होतो. एकदम अधिक प्रमाणात असे अन्न दिल्यास कोठीपोटात आम्ल वाढून जनावर दगावू शकते. बुरसलेला पाव तर कोणत्याही जनावरास देऊ नये.

ग्रामपंचायतींचे कार्य

पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल. दूध संस्थांनी सभासदांसाठी खाद्य एकत्रितपणे खरेदी केल्यास प्रत्येक खेपेतील नमुना पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने प्रयोगशाळेत तपासून घेणे परवडते. एकट्या पशुपालकास तो खर्च जड जातो. संस्थेचे कोरडे, हवेशीर गोदाम असल्यास घरोघरी ओल्या जागी साठा करण्याची गरज उरत नाही. शाळेतील विज्ञानाच्या तासाला पावाचा ओलसर तुकडा बंद बरणीत ठेवून बुरशीची वाढ दाखविल्यास, गोठ्यातील कोपऱ्यात काय घडते, हे मुले घरी जाऊन सांगतील.

बुरसलेले पोते फेकून देताना पशुपालकास पैशाचे नुकसान डोळ्यांपुढे दिसते. ते खाद्य वापरल्याने होणारे नुकसान मात्र दिसत नाही. ते घटलेल्या दुधात, आजारी वासरात व घरातील मुलांच्या पेल्यात वाटले जाते. पहिले नुकसान एकदाच होते. दुसरे मात्र पोते संपेपर्यंत रोज होत राहते.