पेडगावचा अंगठा

परभणी तालुक्यातल्या पेडगावात एखाद्या शेतकरी कुटुंबाकडून सरकारदरबारी काय काय मागितलं जातं, याची यादी करायला बसलं तर ती लांबतच जाते. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, आठ-अ, मोबाइल नंबर. रेशन दुकानात अंगठा. पीएम किसानसाठी ई-केवायसी, ई-पीक पाहणीसाठी उभ्या पिकाचा फोटो, आणि एप्रिल 2025 पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा हजेरीचा फोटो. घरात तान्हं मूल असेल तर अंगणवाडीचा घरी न्यायचा आहार मिळण्यासाठी जुलै 2025 पासून आईचा चेहरासुद्धा पोषण ट्रॅकर ॲपसमोर धरावा लागतो. पुण्या-मुंबईत महिन्याचा पगार थेट खात्यात पडणाऱ्या माणसाला यातलं निम्मंही द्यावं लागत नाही. खासगीपणा ही शहरातल्या सुखवस्तू लोकांची चैन आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही यादी एकदा नीट वाचावी.

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात दिला गेला. 29 सप्टेंबर 2010, गाव टेंभली, जिल्हा नंदुरबार. ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी, हा हेतू चांगलाच होता. रेशनमधली बोगस नावं कमी व्हावीत आणि अनुदान मधल्या हातांत न अडकता थेट पोचावं, यालाही कुणाचा विरोध असण्याचं कारण नाही. प्रश्न आहे तो माहिती कुणाच्या हातातून जाते आणि कुठे राहते, याचा.

त्यासाठी गावातल्या कुठल्याही सेवा केंद्राच्या काउंटरसमोर थोडा वेळ उभं राहावं. आत एक संगणक, एक प्रिंटर, अंगठ्याचं छोटं यंत्र आणि बाहेर ताटकळलेली माणसं. काउंटरवरचा मुलगा ओळखीचाच, बहुधा भावकीतला. ‘मावशी, आधारचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर टाका,’ तो म्हणतो. मावशींना ते जमत नाही, मग फोनच त्याच्या हातात जातो. ‘ओटीपी आला का? सांगा बरं.’ मावशी मोठ्यानं सहा आकडे वाचतात, रांगेतले सगळे ऐकतात. काम होतं, मावशी पावती घेऊन जातात. आधारचा फोटो मात्र त्या मुलाच्या फोनमध्ये राहतो, संगणकावर राहतो, आणि नीट न निघालेली झेरॉक्स रद्दीच्या गठ्ठ्यात पडते. मुलगा प्रामाणिक असेल, बहुतेक असतातही. पण फोन चोरीला जातो, संगणक दुरुस्तीला जातो, केंद्र दुसऱ्याच्या हाती जातं. विश्वास त्या मुलावर होता, माहिती मात्र पुढे कुणाकुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

हे नुसतं भय नाही. 2023 च्या खरिपापासून राज्यात 1 रुपयात पीक विमा सुरू झाला. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे 40 रुपये मिळत. जितके अर्ज तितकी कमाई. मग सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या शेतावर परस्पर विमे उतरवले गेले. बोगस अर्ज सापडले त्या जिल्ह्यांत बीडबरोबर परभणीचंही नाव आलं. केंद्रांवर कारवाई झाली, आणि 2025 मध्ये सरकारनं 1 रुपयाची योजनाच बंद केली. या प्रकरणाची चर्चा तिजोरीच्या नुकसानीपुरती झाली. ज्या शेतकऱ्याचा गट नंबर त्याला न विचारता वापरला गेला, त्याच्या हक्काबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला ती बाजू जास्त गंभीर वाटते.

गट नंबर मिळवणं तर सोपंच आहे. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की कुणाचाही सातबारा दिसतो. क्षेत्र किती, वाटेकरी कोण, इतर हक्कात कुठल्या बँकेचा किती बोजा. जमिनीची नोंद उघडी असावी, नाहीतर एकच रान दोघांना विकलं जाईल, हे मान्यच आहे. पण त्याच नोंदीला आधार, मोबाइल आणि बँक खातं जोडलं गेलं की फसवणाऱ्याला माणसाची सगळी कुंडली एका ठिकाणी मिळते. कर्ज किती आहे हे ठाऊक असलेला माणूस ‘कर्जमाफीच्या यादीत तुमचं नाव आहे’ असा फोन करतो, तेव्हा भल्याभल्यांचा विश्वास बसतो.

अंगठ्याचा धोका याहून मोठा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोटाची रेषा बदलता येत नाही. 2018 मध्ये तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्यानं नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या दस्तांवरून अंगठ्यांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी शिक्के बनवले आणि त्यावर हजारो सिम चालू केली. आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारात बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. एटीएम नसलेल्या गावात ही सोय मोलाची आहे, आणि त्याच कारणानं चोरालाही ती सोयीची पडते.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमतानं निर्णय दिला. गरिबाला आधी अन्न हवं, खासगीपणाचं नंतर पाहू, हा युक्तिवाद तिथे झाला होता. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी तो स्पष्ट शब्दांत फेटाळला. 2023 मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. हलगर्जीपणाला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती कशासाठी घेतो ही सूचना मराठीतून मागण्याची सोयही त्यात आहे. पण सरकारी यंत्रणांना त्यात मोठी सूट ठेवली आहे, आणि पेडगावचा माणूस सर्वांत जास्त माहिती देतो ती सरकारलाच. कायद्याची ही बाजू लंगडी आहे.

ती सुधारेपर्यंत आपल्या हातात असलेलं तरी करावं. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर बोटांचे ठसे ‘लॉक’ करता येतात, रेशनच्या वेळी थोडा वेळ उघडता येतात. कुठे कुठे आपलं आधार वापरलं गेलं, याची गेल्या सहा महिन्यांची नोंदही तिथेच दिसते. पूर्ण क्रमांकाऐवजी शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड’ आधार मिळतं, जिथे चालतं तिथे तेच द्यावं. झेरॉक्स द्यायचीच असेल तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहून सही करावी. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीच्या संकेतस्थळावर पाहावं. गावात हे ज्यांना जमतं, त्या कॉलेजातल्या पोरापोरींनी आपल्या आजी-आजोबांचे ठसे या दिवाळीच्या सुट्टीत लॉक करून द्यावेत.

आणि येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडावा: केंद्रात दिलेला प्रत्येक फोटो आणि कागद काम झाल्यावर माणसासमोर पुसला जाईल, ओटीपी मोठ्यानं विचारला जाणार नाही, असा फलक दारावर लागलाच पाहिजे. आणि एवढं करूनही पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा.