वायरमन आणि घरातील विजेचा हिशेब

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर लागते. हा मुलूख पावसाचा. आषाढ-श्रावणात सरपण ओले होते, चूल धुमसत राहते आणि अंघोळीचे पाणी विजेच्या रॉडवर तापू लागते. पुढे बिल हाती पडले की घरधनी वायरमनाला गाठून विचारतो, "मीटर जास्त पळतोय काय?" या प्रश्नाचे उत्तर वायरमनास मोजून देता यावे, यासाठी त्याला कोणते शिक्षण द्यावयास हवे, त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

1960 मध्ये राज्य वीज मंडळ स्थापन झाले, त्या काळी खेडोपाडी वीज पोचविणे हेच मोठे काम होते. साहजिकच कर्मचाऱ्याचे कौशल्य खांब, तारा व मीटर यांभोवती वाढले. 2005 मध्ये वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. आता वीज घरात पोचल्यावर कोठे खर्च होते, हे पाहण्याची वेळ आली आहे. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने मोठ्या वीज व गॅस कंपन्यांवर ग्राहकांना घरगुती ऊर्जा-तपासणीची सोय देण्याचे बंधन आले. आपल्याकडे 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याचा रोख प्रथम मोठ्या कारखान्यांवर होता. घरगुती तपासणीसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर 2021 मध्ये सुरू केला. हे ज्ञान गावच्या वायरमनापर्यंत उतरले पाहिजे.

पहिला धडा : मोजणी

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो. किती लुकलुकींस एक युनिट होते, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा, तो 3200 आहे. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून एकटा पंखा चालू ठेवावा. पाच मिनिटांत 20 वेळा दिवा लुकलुकला, तर तासाला 240 वेळा, म्हणजे पंखा 75 वॅटचा ठरतो. रोज दहा तास चालल्यास महिन्यास साडेबावीस युनिटे होतात. सुमारे 30 वॅटचा नवा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात नऊ युनिटे घेतो. हे गणित घरच्या मंडळींसमोर मांडावे. डोळ्यांदेखत झालेली मोजणी सहज पटते.

दुसरा धडा : हिशेब

1500 वॅटचा रॉड पाणी तापल्यावरही रोज वीस मिनिटे चालू राहिला, तर अर्धे युनिट वाया जाते, महिन्याचे पंधरा. घरगुती दराचा पहिला टप्पा 100 युनिटांपर्यंत असून पुढील युनिटांस दर बराच चढा आहे. महिना 112 युनिटे वापरणारे घर केवळ ही वीस मिनिटे सांभाळून 97 वर येते. पैसा खर्चून करावयाचे उपाय यानंतर सुचवावेत.

तिसरा धडा : बोलणे

वायरमन वही घेऊन दारात उभा राहिला की वीजचोरीची तपासणी आली, असा घरच्यांचा समज होतो. म्हणून येण्याचा हेतू त्याने प्रथमच सांगावा. पाणी केव्हा तापते, दिवे कोठे जळत राहतात, हे घरातील आयाबहिणींस ठाऊक असते. त्यांस आदराने विचारावे, त्यांचे ऐकून घ्यावे आणि मगच सल्ला द्यावा.

चौथा धडा : सुरक्षितता

सर्व बटणे बंद केली, प्लग काढले, मेन स्विच मात्र चालू ठेवला, तरी दिवा लुकलुकत असेल, तर वीज ओलसर भिंतीत झिरपत असण्याचा संभव आहे. येथे प्रश्न बिलाचा राहत नाही, जिवाचा होतो. अशा वेळी मेन स्विच बंद करवून परवानाधारक कारागिराकडून वायरिंग व अर्थिंग तपासून घेण्यास सांगावे. मीटरचे सील मात्र घरच्यांनी कदापि उघडू नये.

वीज विकणाऱ्या कंपनीने ग्राहकास कमी वापर का शिकवावा, असे कोणी विचारील. संध्याकाळी सर्वांचा वापर एकाच वेळी वाढला की रोहित्रावर भार येतो व दाब घटतो. शिवाय न झेपणारे बिल थकते, आणि थकबाकीत दोघांचेही नुकसान आहे.

ग्रामसेवकांनी ग्रामपंचायतीत हा विषय मांडून वायरमनाच्या मदतीने प्रथम दहा घरे निवडावीत. प्रत्येक घराची नोंद वहीत ठेवावी आणि नव्या बिलाची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. कारण पावसाळ्यातील वापर उन्हाळ्याशी ताडून पाहिल्यास फसगत होते. दहा घरांची वही बोलू लागली की अकरावे घर आपण होऊन बोलावील.