सभाकंप जात नाही. सूर मात्र लागू शकतो

गणेशोत्सवातली रात्र. मंडपामागच्या पत्र्याच्या आडोशाला वाद्यवृंदातील एक गायिका उभी आहे. हातात गाण्यांची वही आहे, पण अक्षरे डोळ्यांपुढून नुसती सरकत आहेत. घशाला कोरड पडली आहे, तळहात गार झाले आहेत. जे गाणे तिने आजवर शंभरदा गायले, त्याचा दुसरा अंतरा कोणत्या शब्दाने सुरू होतो, हेच आठवेनासे झाले आहे. तेवढ्यात निवेदक तिचे नाव पुकारतो. समोरच्या श्रोत्यांना मात्र यातले काहीच दिसत नाही. त्यांना दिसतो तो हसरा चेहरा.

या अवस्थेला मराठीत ‘सभाकंप’ असा नेमका शब्द आहे. हौशी कलावंताच्या बाबतीत तो थट्टेचा विषय ठरतो. परंतु कार्यक्रमांवरच ज्यांचे घर चालते, त्या गायक-वादकांसाठी हा पोटाचा प्रश्न असतो. एक कार्यक्रम बिघडला, की पुढची सुपारी दुसऱ्याकडे जाण्याची धास्ती असते. त्यामुळे ही गोष्ट सहकाऱ्यांपाशीही बोलली जात नाही. ‘घाबरणारा कलावंत’ असा शिक्का कोणाला हवा असतो?

थोरांनाही सुटला नाही

वास्तविक यात लाज वाटण्याजोगे काही नाही. विसाव्या शतकातील थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना या भीतीने जन्मभर सोडले नाही. १९०१ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका डोंगरावर दगड कोसळून त्यांच्या डाव्या हाताची बोटे चेचली गेली. त्या क्षणी मनात पहिला विचार आला, तो आता पुन्हा चेलो वाजवावा लागणार नाही या सुटकेचा, अशी कबुली त्यांनी आपल्या आठवणींत दिली आहे. तरीही ते वाजवत राहिले, तेही उतारवयापर्यंत. अमेरिकन गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील विशाल जनसमुदायापुढे गाण्याचे शब्द विसरल्या. या धक्क्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी जाहीर मैफली बहुतांशी टाळल्या. १९९४ च्या दौऱ्यात त्या परतल्या, तेव्हा समोर शब्द दाखवणाऱ्या पडद्यांची सोय होती. आपल्याकडचे भावगीत गायक समोर वही ठेवतात, त्याचाच हा आधुनिक अवतार म्हणायचा!

शरीरात काय घडते?

संकट समोर दिसताच ‘लढा किंवा पळा’ अशा तयारीला लागणे, हा शरीराचा धर्म आहे. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलीन रक्तात मिसळते, हृदयाची धडधड वाढते, श्वास उथळ होतो. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते आणि बोटे गार पडतात. लाळ कमी होते, तळव्यांना घाम सुटतो. वाघापासून पळताना हे सारे उपयोगी पडते. पण तान घेताना त्याचा अडथळा होतो. गायकाचा दम अपुरा पडतो, व्हायोलिनवादकाचा गज थरथरतो, सतारीच्या तारेवरून बोट घसरते. तबलजीच्या हातून लय नकळत चढते आणि सारा वाद्यवृंद तिच्यामागे ओढला जातो.

याहून घातक गोष्ट मनात घडते. वर्षानुवर्षांच्या रियाजाने बोटांना आणि गळ्याला जे आपोआप येत असते, त्यावर भेदरलेले मन पहारा देऊ लागते. ‘आता मध्यम येतो आहे, चुकायचे नाही’ असे स्वतःला बजावताच नेमका तोच मध्यम ढळतो. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करू लागलो, तर पाय अडखळतो, तसेच हे आहे.

या दृष्टीने ख्यालगायनाची रीत विचार करण्याजोगी आहे. तानपुऱ्याचा अखंड सूर, मग संथ आलापी, त्यानंतर विलंबित बंदिश. गळा आणि मन स्थिरावण्यास तिथे अवकाश मिळतो. वाद्यवृंदातील गायकाला ही चैन नसते. चार सुरांचे सुरुवातीचे संगीत संपले, की थेट मुखडा आणि तोही श्रोत्यांच्या कानांत पक्का बसलेल्या मूळ चालीत. म्हणूनच त्याची तयारीही वेगळी असावी लागते.

तयारी प्रसंगाची

पुष्कळ कलावंत गाणे तयार करतात, पण प्रसंग तयार करत नाहीत. घरी मांडी घालून, पंख्याखाली बसवलेले गाणे रंगमंचावर उभ्याने, प्रखर दिव्यांत, हातात माईक घेऊन गायचे असते. म्हणून कार्यक्रमापूर्वीच्या आठवड्यात काही तालमी त्याच स्थितीत कराव्यात. पाच-सात परिचितांना समोर बसवावे. दोन मजले जिना भरभर चढून यावे आणि छाती धडधडत असतानाच पहिले गाणे म्हणून पाहावे. धडधडत्या छातीनेही सूर लावता येतो, हा अनुभव एकदा गाठीशी आला, की त्या धडधडीचा निम्मा दरारा ओसरतो.

दुसरी तालीम चुकीची करावी. घरी चूक झाली, की आपण थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. रंगमंचावर ही मुभा नसते. तेव्हा तालमीत एखादी ओळ गेली, तरी ठेका न सोडता पुढची ओळ पकडण्याची सवय लावावी. प्रत्येक अंतऱ्याचा पहिला शब्द स्वतंत्रपणे पाठ असावा. गाणे कोठूनही उचलता आले पाहिजे.

काही साध्या गोष्टीही मोठा आधार देतात. पहिले गाणे आपल्या पट्टीत सहज बसणारे निवडावे. प्रत्येक गाण्याची पट्टी कागदावर लिहून साथीदारांना आधीच द्यावी. वेळेआधी पोहोचून आपला आवाज आपल्याला नीट ऐकू येतो की नाही, याची खात्री ध्वनिव्यवस्थापकाकडून करून घ्यावी. जवळ कोमट पाणी असावे. आधीच धडधडणाऱ्या छातीला चहा-कॉफीची जोड देऊ नये.

ऐन वेळी

विंगेत उभे असताना श्वास चार मात्रांत घ्यावा आणि सहा ते आठ मात्रांत सोडावा. उच्छ्वास लांबला, की हृदयाचा वेग उतरण्यास मदत होते. ‘शांत हो’ असे स्वतःला दटावण्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधिका अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाण्यापूर्वी ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांचे सूर, ‘मला चिंता वाटते आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक लागले. उत्साह आणि भीती यांची शारीरिक लक्षणे जवळपास सारखीच असतात. आपण त्यांना नाव कोणते देतो, याने फरक पडतो.

गाणे सुरू झाल्यावर लक्ष स्वतःच्या गळ्यावरून काढून बाहेर द्यावे. तबल्याचा ठेका ऐकावा, समेवर साथीदाराच्या डोळ्यांत पाहावे, शब्दांच्या अर्थात शिरावे. आपली चूक सर्वांनी टिपली, ही समजूतही बहुधा खोटी असते. अमेरिकेत २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखे वाटावे असे चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवले होते. जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाहणारे जेमतेम पाव भाग निघाले.

गोळी आणि पेला

मूळची हृदयविकारासाठी असलेली प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे हातांची थरथर व धडधड कमी करतात. १९७७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात याच गटातील औषधाचा वादकांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला होता. परंतु सहकाऱ्याने दिली म्हणून अशी गोळी घेणे धोक्याचे आहे. दमा असलेल्यांना ती घातक ठरू शकते आणि मधुमेहींमध्ये रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे ती झाकते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. ‘जरा घेतली की हात मोकळा होतो’ हा समज तर अनेकांना महाग पडला आहे. मद्याने भीतीबरोबर लयीचे भानही सैल होते आणि पुढे त्यावाचून रंगमंचावर पाऊल टाकवत नाही.

भीतीपोटी कार्यक्रम नाकारावेसे वाटू लागले, आठवडा आधीपासून झोप उडाली किंवा आधारासाठी पेला लागू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. विचारांची चाकोरी बदलणारे आणि भीतीला पायरीपायरीने सामोरे जायला शिकवणारे उपचार आज उपलब्ध आहेत. संयोजकांनी वेळेवर ध्वनिचाचणी करू दिली आणि ज्येष्ठ कलावंताने विंगेत ‘मलाही होते हो असे’ एवढे म्हटले, तरी नवोदिताचे ओझे हलके होते.

मंडपामागच्या त्या गायिकेकडे पुन्हा पाहू. तिचे तळहात अजून गार आहेत. पण दुसऱ्या अंतऱ्याचा पहिला शब्द तिने वहीच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवला आहे आणि ढोलकीवाल्याशी तिची नजरानजर झाली आहे. ती एक लांब श्वास सोडते आणि पायऱ्या चढू लागते. भीती तिच्याबरोबर वर येणारच आहे. पहिले कडवे संपेपर्यंत ती बहुधा मागे पडेल.