मापात पाप

पाणी, खनिज वा धान्य यांतील अनेक धातूंचे प्रमाण एकाच वेळी सांगणाऱ्या प्लाझ्मा-यंत्राचे कौतुक सर्वत्र होते; परंतु ज्या मिश्र प्रमाण-द्रावणाशी ताडून ते यंत्र आपला निवाडा देते, ते द्रावण सिद्ध करण्याची विद्या सहसा कुणाच्या खिजगणतीतही नसते. वरकरणी काम निव्वळ कारकुनी: लिटरला 1000 मि.ग्रॅ. तीव्रतेच्या एकेका मूलद्रव्याच्या कुपीतून नेमका अंश पिपेटने उचलावा, सौम्य नायट्रिक आम्लाने फ्लास्क खुणेपर्यंत भरावा आणि दप्तरी नोंद करावी.

तथापि अनुभवी विश्लेषक कुपीवरील चिठ्ठीत मूलद्रव्याच्या नावाइतकेच त्याचे आम्लही वाचतो, कारण दोन्ही एकदमच फ्लास्कात उतरतात. चांदी नायट्रिक आम्लात सुखाने नांदते. पण अँटिमनीच्या कुपीत हायड्रोक्लोरिक आम्ल असेल, तर तिचे थेंब पडताच नितळ द्रावणात पांढुरका पदर पसरतो, हलविल्यावर त्याच्या दह्यासारख्या गुठळ्या होतात, आणि उजेडात त्यांवर जांभळट छटा चढते. चांदी लिटरला 1 मि.ग्रॅ. असेल, तर विद्राव्यता-गुणाकाराच्या हिशेबाने सुमारे 0.7 मि.ग्रॅ. क्लोराइडही तिला अवक्षेपाच्या उंबरठ्यावर आणते. बेरियमचे सल्फेटशी असेच हाडवैर. आणि टायटॅनियम, झिरकोनियम यांना सांभाळणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल कॅल्शियमला व विरल मृदा धातूंना तळाशी बसविते, शिवाय काचही खाते. म्हणून सर्वांना एकत्र कोंबण्याचा हट्ट सोडून निरनिराळ्या आम्लांचे निरनिराळे गट करण्याची तजवीज आधी कागदावरच करावी लागते.

डोळ्यांना दिसणारा साका निदान कसूर कबूल तरी करतो. अत्यल्प पारा मात्र प्लास्टिकच्या भिंतीत गुपचूप मुरतो. त्याला द्रावणात धरून ठेवण्यासाठी किंचित सोने घालतात, पण सोन्याची कुपी बहुधा हायड्रोक्लोरिक आम्लाची, म्हणजे पाऱ्याची सोय ती चांदीची गैरसोय.

प्रमाण-द्रावणातील चांदी अशी घटली, की तिच्याशी ताडलेल्या प्रत्येक नमुन्यात चांदी वाजवीपेक्षा अधिक भरते, आणि कुणाच्याही लबाडीवाचून मापात पाप शिरते. दुसऱ्या उत्पादकाच्या कुप्यांतून पडताळणीचे द्रावण करण्याचा शिरस्ता आहे खरा. पण त्यातही तीच मूलद्रव्ये त्याच आम्लांत एकत्र केली, तर साक्षीदारही त्याच पापाचा भागीदार ठरतो.