तळहाताएवढं रबर

आमच्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक लाल स्विफ्ट उभी असते. २०१० सालची, व्हीएक्सआय, मामाने वापरून सोडलेली. मजल्यावरची पोरं तिला 'फेरारी' म्हणतात. वेगामुळे नाही, तर मी तिला जेवढं पुसतो तेवढं स्वतःचं टेबलसुद्धा पुसत नाही म्हणून! तर गेल्या जुलैत पाम बीच मार्गावर, नेरूळच्या पुढे, भर पावसात ह्या फेरारीची दोन सेकंद होडी झाली. स्टिअरिंग एकदम हलकं, हातात काही नाहीच असं. काटा ८० च्या जवळ होता. गाडीत आम्ही चौघे. सीवूड्सला चहा हातात येईपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी हवा तपासली. पुढच्या दोन्ही टायरांत ३२ ऐवजी २२ पीएसआय, आणि नक्षी जवळजवळ संपलेली. (ट्रेडला 'नक्षी' म्हणतात हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना टायरवाल्या काकांकडून कळलं!) मग लायब्ररीत बसून हिशेब केला. १९६० च्या दशकात नासाच्या इंजिनियरांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक सोपं सूत्र काढलं होतं : हवेच्या दाबाचं वर्गमूळ गुणिले १०.३५ म्हणजे ताशी किती मैलांना टायर पाण्यावर तरंगू लागेल तो वेग. पाणी नक्षीच्या खाचांपेक्षा खोल असेल तेव्हा हे लागू पडतं. ३२ ला उत्तर येतं ताशी ९४ किलोमीटर. २२ ला ७८! वाचून पोटात गोळा आला.

तेव्हा टायर बदलायचेच होते, आणि बदलायचे तर जरा 'स्पोर्टी' घेऊ असं मनात. बजेट अर्थातच मेसच्या बिलाएवढं.

पहिला गैरसमज माझाच होता. रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकतं, असं मी छातीठोकपणे सांगत फिरायचो. पण बघा, गाडी साधारण १००० किलोची, एका चाकावर सरासरी २५० किलो. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला की ११० चौरस सेंटिमीटर, एका तळहाताएवढं. टायर रुंद केला तरी हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, कारण ते हवेचा दाब ठरवतो. बदलतो तो आकार. लांबट ठसा आखूड आणि रुंद होतो, त्याने वळणावर गाडी पटकन ऐकते. पण पाण्यात मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. म्हणजे आपल्याकडे चार महिने तोटाच.

आता साइज. माझ्या गाडीला कंपनीचा १६५/८० आर १४. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, साइडवॉलची उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची. चाकाचा व्यास निघतो ६१९.६ मिमी. ह्याच मॉडेलच्या झेडएक्सआयला १८५/७० आर १४ यायचा, त्याचा व्यास ६१४.६. फरक एक टक्काही नाही, आणि रिम तीच चालते. १९५/६० आर १५ चा व्यासही ६१५ च येतो, पण नवे रिम घ्या, आणि साइडवॉल १३२ वरून ११७ मिमी. सायन-पनवेल हायवेचे पावसाळ्यातले खड्डे ज्याने पाहिलेत तो ह्या वाटेला जाणार नाही. फायनल इयरच्या एकाने १९५/५५ सुचवला होता. तो ५९५.५ मिमी, म्हणजे काटा १०० दाखवणार आणि गाडी ९६ ने जाणार. शायनिंगसाठी उत्तम!

साइजनंतर जे अंक-अक्षर असतं, उदा. ८८ एच, ते कुणी वाचत नाही. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. टी म्हणजे १९०. माझ्या गाडीला टी पुष्कळ झाला. खरे पैसे टाकायचे ते रबरावर. मऊ रबर चांगलं पकडतं पण लवकर झिजतं, हे जुनं दुखणं. १९९० च्या दशकापासून रबरात सिलिका मिसळू लागले, त्याने ओल्या रस्त्यावर पकड वाढून पेट्रोलही वाचतं. दुकानात 'स्पोर्टी दिसणारा द्या' म्हणण्यापेक्षा 'ओल्यात कोणता चालतो' हे विचारा. गोल फिरणाऱ्या रुंद, खोल खाचा आहेत का ते स्वतः बोट घालून बघा.

एका दुकानात 'इम्पोर्टेड परफॉर्मन्स' टायर अर्ध्या भावात देत होते. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात, तिथे होतं १८१९. म्हणजे २०१९ सालचा अठरावा आठवडा! २०२० च्या जूनमध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, त्याआधीचा पडून राहिलेला माल असावा. रबर गोदामातसुद्धा म्हातारं होतं. आम्ही नमस्कार करून निघालो. शेवटी देशी कंपनीचे, आयएसआय मार्कवाले, १८५/७० चे साधे टायर ठरवले.

पैसे मात्र दोनच टायरांचे होते. गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणून नवे पुढे टाका असं सगळ्यांचं मत. पण टायर कंपन्या उलट सांगतात, आणि कारण पटण्यासारखं आहे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बहुधा सावरते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं आपल्यासारख्यांचं काम नाही. पण माझे पुढचे तर संपलेलेच होते. त्यामुळे मामाला फोन, उधारी, आणि चारही नवे.

स्टेपनी जुन्याच मापाची आहे. पंक्चर झालंच तर दुकानापर्यंत तेवढी लावायची, हळू. आणि हवेचा गेज माझ्या रूमवर असतो, बाइकवाल्यांनीही न्यायला हरकत नाही. फक्त परत आणून द्या!