घराण्यात सोरायसिस आहे, म्हणून स्थळ नको?

मावळात लग्नाची बोलणी सुरू झाली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "त्यांच्या घरात सोरायसिस आहे, सांधेही धरतात. पोरांनाही होणारच." वडगावपासून कामशेत-लोणावळ्यापर्यंत हे ठाम खात्रीनं बोललं जातं आणि जुळत आलेली सोयरीक मोडते. ही खात्री साफ चुकीची आहे.

सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिस या त्वचेच्या आजारासोबत येणारा सांधेवात, काही घराण्यांत जास्त आढळतो, हे खरं. ब्रिटनमधल्या मोल आणि राइट या डॉक्टरांनी १९७३ साली रुग्णांचे आईवडील, भावंडं आणि मुलं यांच्यातलं प्रमाण मांडलं: सुमारे साडेपाच टक्के. तिथल्या बाकीच्या लोकांत ते ०.१ टक्क्याच्या आसपास होतं. धोका पन्नासपटीहून जास्त, एवढंच लोक ऐकतात. अहो, पण शंभरातल्या चौऱ्याण्णव सख्ख्या नातेवाइकांना हा आजार नव्हता, हे कोण सांगणार? डेन्मार्कमधल्या २००८ सालच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्यांच्या दहा जोड्या होत्या. त्यांतल्या एकाच जोडीत दोघांनाही हा सांधेवात होता. जोड्या थोड्या होत्या, मान्य. तरी जनुकं सारखी असूनही नऊ जोड्यांत दुसरं भावंड वाचलं असेल, तर "होणारच" हे आलं कुठून?

हा आजार एका जनुकाचा नाही. प्रतिकारशक्तीशी संबंधित अनेक जनुकं प्रत्येकी थोडा धोका वाढवतात. वाढलेलं वजन, सांध्याला झालेली इजा यांचाही हात असतो. हल्ली कुणी लग्नाआधी 'एचएलए-बी२७' हे जनुक तपासून घ्यायला सांगतात. कशासाठी? ते पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही आणि हा आजार असलेल्या बहुतेकांमध्ये ते सापडत नाही. डॉक्टरांना निदान करताना त्याची मदत होते, सोयरीक ठरवायला नाही.

बाकीचे समज थोडक्यात. सोरायसिस शिवल्यानं लागत नाही. पंगतीत ताट वेगळं मांडणं हा निव्वळ अपमान आहे. रक्ततपासणीत 'आरए फॅक्टर' निगेटिव्ह आला म्हणजे सांधेवात नाही, असं नाही; या आजारात तो बहुधा निगेटिव्हच येतो. त्वचेवर चट्टे थोडे म्हणून सांधे सुरक्षित, हेही खरं नाही. काहींचे सांधे तर चट्ट्यांच्या आधी दुखू लागतात. आणि लोणावळ्याचा पाऊस? गारठ्यात काहींना दुखणं जास्त जाणवतं, पण पावसानं हा आजार जडत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या कमी पावसाच्या भिगवणमध्ये संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं १९९६ पासून पाहणी केली, तेव्हा सुमारे १८ टक्के प्रौढांना सांध्यांची वा स्नायूंची दुखणी होती.

घराण्याची माहिती उपयोगी पडते ती वेळेवर ओळखण्यासाठी. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, नख टोकाकडून सुटतं. लावणीच्या चिखलानं नखं गेली, असं म्हणून ते सोडून दिलं जातं. एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजतं. सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, सांधे अर्धा तास तरी आखडलेले राहतात. घरात सोरायसिस असेल आणि यातलं काही दिसलं, तर नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर महिने काढू नका. संधिवाततज्ज्ञांकडे जा आणि घरातल्या सोरायसिसचं आवर्जून सांगा. उपचार लवकर सुरू झाले तर सांधे झिजण्यापासून वाचवता येतात.