ऑपरेशन एका दिवसाचं, गोळी जन्माची

हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचं ठरलं की घरातली सगळी धावपळ दोन प्रश्नांभोवती फिरते. पैसे किती लागतील आणि डॉक्टर कोण? दात तपासून घेतलेत का, असं मात्र कुणी विचारत नाही. सर्जन विचारतात, तेव्हा नातेवाइकांना ते विषयांतर वाटतं. किडलेली दाढ किंवा पू धरलेली हिरडी असेल तर तिथले जंतू रक्तात उतरतात आणि नव्या व्हॉल्व्हवर ठाण मांडतात. कृत्रिम व्हॉल्व्हला असा संसर्ग लागला की सहा-सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं, कित्येकदा छाती पुन्हा उघडावी लागते आणि एवढं करूनही माणूस हाती लागेलच असं नाही. म्हणून दाढ काढायचीच असेल तर ती ऑपरेशनच्या आधी काढायची आणि जखम भरू द्यायची.

दातांचं उदाहरण मुद्दाम आधी घेतलं. आपल्याकडे व्हॉल्व्हच्या ऑपरेशनची तयारी त्या एका दिवसापुरती होते. नवस बोलले जातात, रक्तदाते जमवले जातात, मुंबई-पुण्यात राहायची सोय पाहिली जाते. पुढची वीस-तीस वर्षं त्या व्हॉल्व्हबरोबर काढायची आहेत, याची तयारी डिस्चार्जच्या कागदावरच्या दोन ओळींत उरकते. आणि बसवलेला व्हॉल्व्ह पुढे बिघडतो तो बऱ्याचदा त्या दोन ओळींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

हृदयाला चार व्हॉल्व्ह असतात. दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात आणि दर ठोक्याला हे व्हॉल्व्ह उघडून मिटतात. बिघाड दोनच प्रकारचा. एक तर दार पुरतं उघडत नाही, नाही तर पुरतं लागत नाही. श्रीमंत देशांत हा मुख्यतः म्हातारपणाचा आजार झाला आहे. वयानुसार महाधमनीच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे एऑर्टिक व्हॉल्व्हवर, कॅल्शियम साचतं आणि तो आखडतो. आपल्या सरकारी रुग्णालयांतल्या वॉर्डात मात्र पंचविशी-तिशीतल्या बायका दिसतात, त्या ऱ्हुमॅटिक तापामुळे. पाच ते पंधरा या वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात. सांधे बरे होतात, घरचे विसरून जातात. व्हॉल्व्ह पुढची दहा-पंधरा वर्षं आतल्या आत जाड होत राहतो. मग पहिल्या गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढलं, हृदयावर ताण आला की धाप लागते आणि तेव्हा कुठे दुखणं उघडं पडतं.

अशा प्रत्येकीची छाती उघडावी लागतेच असं नाही. आखडलेला मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला, लवचीक असेल तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन तो रुंद करता येतो. गळणारा मायट्रल शिवून दुरुस्त होत असेल तर बदलण्यापेक्षा दुरुस्ती बरी. वयस्कांचा आखडलेला एऑर्टिक व्हॉल्व्ह आता मांडीतल्या धमनीतून नवा बसवता येतो. छाती न उघडता असा व्हॉल्व्ह 2002 मध्ये फ्रान्समध्ये ॲलेन क्रिबिए यांनी पहिल्यांदा बसवला. आपल्याकडेही हे होतं, पण किंमत अजून बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

बदलायचाच असेल तर कोणता, हा प्रश्न डॉक्टर घरच्यांपुढे ठेवतात आणि घरचे बहुतेक वेळा ‘तुम्हाला योग्य वाटेल तो’ म्हणून मोकळे होतात. इथे मोकळं होऊ नये. धातूचा किंवा कार्बनचा यांत्रिक व्हॉल्व्ह सहसा जन्मभर टिकतो, पण त्यावर रक्त गोठू शकतं, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ऊतींचा व्हॉल्व्ह गाय-बैलाच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या व्हॉल्व्हपासून बनतो. त्याला ती गोळी बहुधा काही महिनेच लागते, पण तो दहा-पंधरा वर्षांत झिजतो आणि तरुण शरीरात त्याहून लवकर. म्हणून साधारणपणे पन्नाशीच्या आतल्यांना यांत्रिक, पासष्टीच्या पुढे ऊतींचा, आणि मधल्या वयात विचार करून, असा रिवाज आहे. प्राण्याच्या ऊतीबद्दल घरात धार्मिक अडचण असेल तर ती ऑपरेशनच्या आधी स्पष्ट बोलावी. डॉक्टरांना त्यात नवल वाटत नाही.

यांत्रिक व्हॉल्व्ह भारतीय रुग्णाला परवडू लागला त्यामागे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली वर्षं आहेत. आधीची प्रारूपं चाचणीत नापास झाली, ती बाजूला ठेवून ते पुढे गेले आणि डिसेंबर 1990 मध्ये चित्रा व्हॉल्व्ह पहिल्या रुग्णाला बसला. डॉ. वलियाथन 2024 मध्ये गेले. आपल्या वर्तमानपत्रांत तेव्हा त्यांना मिळाली त्याहून जास्त जागा मिळायला हवी होती.

तरुण मुलीच्या बाबतीत निवड सगळ्यात अवघड. रक्त पातळ करणारी गोळी गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला अपाय करू शकते, आणि ती स्वतःच्या मनाने बंद केली तर आईचा व्हॉल्व्ह अडकू शकतो. ऊतींचा व्हॉल्व्ह घेतला तर दुसरं ऑपरेशन ठरलेलं. दोन्हींत मार्ग निघतो, गोळीऐवजी काही काळ हेपॅरिनची इंजेक्शनं देता येतात, पण दिवस राहण्याच्या आधी हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटलं तरच. लग्न जमावं म्हणून मुलीचं ऑपरेशन सासरी लपवणारी घरं आहेत. ती मुलगी मग गोळीही लपवून घेते आणि कधीतरी घेत नाही. पोरीच्या जिवाशी हा खेळ आहे.

ऑपरेशनआधीच्या इतर गोष्टी भराभर सांगतो. बिडी-सिगारेट तर सोडायचीच. तंबाखू आणि मिश्रीबद्दल डॉक्टर विचारायला विसरले तर आपण होऊन सांगायचं. मिश्री लावणाऱ्या बाईला ते व्यसन वाटतच नाही, म्हणून ती ‘काही नाही’ म्हणते. साखर आटोक्यात हवी. चाळिशीच्या पुढच्यांची अँजिओग्राफी होते. रक्तवाहिनीत अडथळा असेल तर बायपास त्याच वेळी उरकता यावी हा त्यामागचा हेतू, पैसे उकळण्याचा डाव नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत व्हॉल्व्हची ऑपरेशनं बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी गाठावं. पुढच्या जन्मभराच्या तपासण्या मात्र घरखर्चातच धराव्यात.

ऑपरेशनच्या संध्याकाळी आयसीयूच्या काचेतून जे दिसतं त्याची नातेवाइकांना कुणीतरी आधी कल्पना द्यायला हवी. तोंडात नळी असते, माणूस बोलू शकत नाही. नळी ओढू नये म्हणून कधी हात सैलसर बांधलेले असतात. छातीतून नळ्या बाहेर आलेल्या असतात आणि त्यांतून लालसर पाणी येत असतं. चेहरा सुजलेला. हे सगळं अपेक्षित असतं. वयस्क माणसं पुढच्या एक-दोन रात्री भलतंच बडबडतात, नर्सला शिव्या देतात, गेलेल्या माणसांना हाका मारतात. वेड लागलेलं नसतं, काही दिवसांत ते ओसरतं. घड्याळ, चष्मा आणि ओळखीचा आवाज यांचा तिथे औषधाइतका उपयोग होतो.

मग तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र हातात येतं. चेंडू वर नेण्यासाठी श्वास आत ओढायचा असतो. अर्धे पेशंट त्यात फुंकतात. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं, कफ आत ठेवायचा नाही. दुखतं म्हणून खोकला दाबणाऱ्याला न्यूमोनिया गाठतो.

कापलेलं छातीचं हाड तारांनी शिवलेलं असतं. त्या तारा आतच राहतात, हाड जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तेवढे दिवस हातांनी ढकलणं, ओढणं, उचलणं बंद. रुग्णालयाच्या कागदावर ‘जड वस्तू उचलू नये’ एवढंच छापलेलं असतं. आपल्या घरात याचा अर्थ पाण्याची बादली नाही, हंडा नाही, कणीक मळणं नाही, नातवाला कडेवर घेणं नाही, एसटीत वरच्या दांड्याला लोंबकळणं नाही, स्कूटर नाही. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि मग उठायचं, हाताने जोर देऊन उठायचं नाही. चालणं मात्र रोज, आणि रोज थोडं वाढवत. भेटायला येणारे ‘पडून राहा’ असं सांगून जातात. त्यांना चहा पाजावा आणि चालायला जावं. रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, उशीशिवाय झोपवेना, तर अंगात पाणी साठतंय, डॉक्टरांना फोन करायचा. जखमेतून पू, कडकडून ताप, हाड कटकट वाजणं, यांसाठीही तेच. काही नसताना रडू येतं, जेवणाची चव जाते, तेही बहुतेकांना होतं. महिना-दीड महिन्यानंतरही उतरलं नाही तर सांगायचं.

आता गोळी. आपल्याकडे बहुधा ॲसिट्रॉम किंवा वॉर्फ असते. रक्त किती पातळ झालंय हे आयएनआर नावाच्या तपासणीत कळतं. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास. यांत्रिक एऑर्टिक व्हॉल्व्हला तो साधारण 2 ते 3, मायट्रलला 2.5 ते 3.5 राखतात. खाली गेला तर व्हॉल्व्हवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. सुरुवातीला दर आठवड्याला, जम बसला की महिन्याला तपासणी. गोळी संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्यायची. सकाळी दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला की डोस त्याच संध्याकाळी बदलता यावा म्हणून ही वेळ.

एका शेतकरी गृहस्थांची वही मला पाहायला मिळाली. शंभर पानी, बायकोच्या अक्षरात. तारीख, आयएनआर, डोस असे तीन रकाने. सोमवार ते शुक्रवार 2, शनिवार-रविवार 3. एका ओळीत आकडा 1.4, शेजारी ‘भाच्याचं लग्न, गोळ्या घरी राहिल्या’. पुढे एकदा 5.1, शेजारी ‘जुलाब, मेडिकलमधून गोळी’. दुसरी नोंद डॉक्टरांनी पेनाने गोल करून ठेवली होती. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल, लघवीच्या जळजळीवरची सल्फाची गोळी, बुरशीवरची फ्लुकोनाझोल, सगळ्या रक्त आणखी पातळ करतात. गुडघेदुखीवरच्या गोळ्या पोटात रक्तस्राव घडवतात. काढे आणि चूर्णं यांचा तर काही भरवसाच नाही. काउंटरवर काहीही मागण्याआधी ‘मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो’ हे वाक्य उच्चारायची सवय लावायची.

पालेभाजी बंद, असं अनेकांना सांगितलं जातं. ते खरं नाही. पालक, मेथी, कोथिंबीर यांतलं व्हिटॅमिन के गोळीच्या विरुद्ध काम करतं, म्हणून प्रमाण एकसारखं हवं, इतकंच. घोळ होतो तो श्रावणात आणि नवरात्रात. नऊ दिवस साबुदाणा आणि भगर, मग दसऱ्यापासून पुन्हा रोज भाजी, आणि आकडा वर-खाली. उपवास करायचाच असेल तर आधी विचारावं आणि लगोलग तपासणी करावी. गोळी राहिली आणि त्याच रात्री आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर दुप्पट घेऊ नये, वहीत लिहावं.

ऱ्हुमॅटिक तापातून आलेल्या रुग्णाचं पेनिसिलिन ऑपरेशननंतरही थांबत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. दर तीन आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनऐवजी तोंडी गोळी द्यायची का, ते रक्ताच्या पातळपणाकडे पाहून डॉक्टर ठरवतात. आणि परत दातांवर येतो. पुढे कधीही दात काढायचा असेल तर तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो. चार-पाच दिवस ताप हटत नसेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायला सांगा.

यांत्रिक व्हॉल्व्हची टिकटिक रात्री शांततेत ऐकू येते. बहुतेकांना सवय होते. ती अचानक बुजली, धाप लागली, जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर गावातल्या दवाखान्यात थांबायचं नाही, 108 ला फोन करून हृदयाच्या रुग्णालयात जायचं. शौचाला काळी होणं आणि डोक्याला मार लागणं, मग तो किरकोळ का दिसेना, हेही तितकंच तातडीचं.

घरी सोडतील त्या दिवशी बिलाच्या गडबडीत तीन गोष्टी लेखी मागून घ्या: व्हॉल्व्हचं नाव आणि माप लिहिलेलं कार्ड, तुमच्यासाठी ठरवलेला आयएनआरचा टप्पा आणि पुढच्या तपासणीची तारीख. कार्ड पाकिटात ठेवा, त्याचा फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि तारीख त्याच संध्याकाळी कालनिर्णयवर लिहून टाका.